साहेबाची चोच

वहिनी कोणाचीच वहिनी नव्हती. नवरा एकुलता एक, म्हणजे दीर नाही, नणंद नाही. तरी इमारतीत दूध टाकणाऱ्यापासून वरच्या मजल्यावरच्या आजोबांपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणायचे. ती लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. पँटची उंची कमी कर, कोटाचं अस्तर बदल, चेन बसव. आणि तिला नाही म्हणता यायचं नाही. अशा बाईशी लोक लगेच नातं जोडतात, त्यात त्यांची सोय असते.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, म्हणून सगळे त्याला चष्मेवाले म्हणत. माणूस मऊ. घरात, दुकानात, रस्त्यात, कुठेही त्याने आवाज चढवल्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं. शेजारणी वहिनीला म्हणायच्या, नशीब काढलंस हो. आता त्याचं किती कौतुक करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण त्याला आवाज चढवायची गरजच पडली नाही हेही खरं. ते काम आधी त्याच्या आईने केलं आणि आईच्या मागे पोपटाने.

पोपटाचं नाव साहेब. अंग राखी, शेपटी तेवढी लालभडक, डोळे फिकट पिवळे. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तो पुढच्या खोलीत खिडकीपाशी पिंजऱ्यात होताच, आणि सासूबाई शेजारच्या खुर्चीत. दोघांनी मिळून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. सासूबाईंची हाक ठरलेली होती, "अगं, ए!" त्यातला "ए" वर चढून असा मध्येच तुटायचा, की ऐकणाऱ्याने हातातलं टाकून उठलंच पाहिजे. वहिनी उठायची. "आले, आले!" म्हणत धावायची. चहा टाक, औषध दे, खिडकी लाव, आता उघड, साहेबाचं पाणी बदल.

साहेबाने आधी हाक उचलली आणि मग उत्तरही उचललं. सासूबाई गेल्या, त्यानंतर काही दिवस तो गप्प होता. वहिनीचा जीव भांड्यात पडला. मग एका सकाळी ती आंघोळ करत असताना पुढच्या खोलीतून आवाज आला, "अगं, ए!" ती ओल्या अंगावर कपडे ओढून धावत बाहेर आली. खुर्ची रिकामी होती. साहेब मान तिरकी करून तिच्याकडे बघत होता, आणि तिने तोंड उघडायच्या आत त्यानेच तिच्या आवाजात सांगून टाकलं, "आले, आले!"

हे पुढे वर्षानुवर्षं चाललं. चष्मेवाले वर्तमानपत्रातून मान वर न करता हसायचे आणि म्हणायचे, "आई घरातच आहे बघ." हाक खोटी आहे हे वहिनीला कळत होतं, पण पायांना कोण सांगणार? मशीनवर बसलेली असली तरी पाय उठायचे, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचे, मग तिला आठवायचं. एकदा तिने पक्षी विकणाऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, हे पोपट जगतात तरी किती? "नीट सांभाळलात तर तुमच्या मागेही राहील," तो म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, बाई खूश होईल.

पण साहेब मेला. थंडीतल्या एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पाय वर करून पडलेला सापडला. वहिनीला रडू आलं नाही. नवरा दुकानात गेल्यावर तिने चहा केला आणि बसून प्यायली. पूर्ण कप, बसून, गरम असताना. घर इतकं शांत होतं की फ्रिजची घरघर ऐकू येत होती. हे आता रोज असं असणार, हे मनात आलं आणि तिला अगदी मोकळं वाटलं. मग मोकळं वाटल्याची लाज वाटली. पण लाजेपेक्षा मोकळेपणा जास्त होता, उगाच खोटं कशाला बोला.

त्याच फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीवर साहेब होता. चष्मेवाल्यांनी त्याला काचा पुसायच्या मऊ कापडात गुंडाळून ठेवलं होतं. "पुरायचा नाही," एवढंच म्हणाले होते. त्याचा अर्थ तिला काही दिवसांनी कळला.

"संग्रहालयात पक्ष्यात पेंढा भरायला शिकवतात," ते जेवताना म्हणाले. "रविवारी सकाळी. तुझं नाव घालून आलो."

"माझं?"

"मला रक्त बघवत नाही, तुला ठाऊक आहे. तुझा हात शिवणाचा. तुला जमेल." मग भाताकडे बघत अगदी हळू म्हणाले, "साहेब परत जागेवर बसेल गं. चोच तेवढी जरा उघडी ठेव. हाक मारतोय असं वाटलं पाहिजे."

मेलेला पोपट हाक मारत नाही एवढी अक्कल वहिनीला होती. पण ती उघडी चोच खिडकीपाशी दिसली, की हाक आपोआप कानात येणार, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. नुसती रिकामी खुर्ची दिसली तरी यायची. नुकती कुठे घरात शांतता आली होती, आणि ती घालवायचं काम तिच्याच हातून करून घेतलं जाणार होतं. तेही गोड बोलून. ती म्हणाली, "बरं."

वर्ग संग्रहालयाच्या मागच्या बाजूला, तळघरातल्या लांब खोलीत भरायचा. वर छताला चिकटून एक आडवी खिडकी होती, तिच्यातून रस्त्यावरचे नुसते पाय दिसायचे. भिंतीला कपाटं, कपाटांत पक्षी. शिकवणारे मास्तर म्हातारे, बोटं रसायनांनी पिवळी पडलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना झापलं.

"पेंढा हा शब्द इथे कोणी काढायचा नाही. आम्ही गाद्या भरतो का? आत जेवढं शरीर होतं तेवढंच बनवायचं आणि त्यावर त्याचं कातडं चढवायचं. शिंप्याचं काम आहे हे, गिऱ्हाईक तेवढं हलत नाही."

सरावाला प्रत्येकाला एकेक लावा मिळाला, पक्षी पाळणाऱ्याकडे मेलेला, मुठीएवढा. वहिनीच्या एका बाजूला बेकरीवाला होता, दुसऱ्या बाजूला दातांची डॉक्टरीण. छातीवरची पिसं फुंकून बाजूला केली की मध्ये उघड्या कातडीची पट्टी दिसते, तिथे चीर द्यायची, तीही इतकी वरवर की खालचं मांस फाटता कामा नये. मग बोटाने कातडं सोडवत जायचं, अंगरख्याचं अस्तर सुटं करावं तसं. मध्येमध्ये टाकणखाराची पूड भुरभुरायची, म्हणजे हात घसरत नाही आणि कातडं कुजत नाही. बेकरीवाल्याला सवयच पीठ भुरभुरायची, त्याने एवढी पूड ओतली की त्याचा लावा दिसेनासा झाला. "शेंगदाण्याएवढं काळीज आहे हो याचं," असं म्हणत तो डोळे पुसायचा, आणि ती पूड डोळ्यांत जाऊन आणखी रडायचा.

वहिनीचे हात मात्र कामाला लागले. पाय गुडघ्यापाशी सोडवले, पंख खांद्याशी. कातडं उलटं होत मानेवरून डोक्यापर्यंत मोज्यासारखं आलं. ती इतकी गुंगली की मास्तरांनी घड्याळ दाखवलं तेव्हाच तिची मान वर झाली. आणि मग तिच्या लक्षात आलं, अख्खी सकाळ तिला कोणी हाक मारली नव्हती. ती एकदाही उठली नव्हती. स्टुलावर बसून बसून पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि त्या मुंग्यांचंसुद्धा तिला सुख वाटलं. ज्या कामाचं नावही नको होतं, तेच तिला आवडायला लागलं होतं. आता काय म्हणावं याला!

पुढच्या रविवारी शरीर बनवायचं होतं. लाकडाचा बारीक कीस दोऱ्याने आवळून आवळून तेवढंच अंग, तार घालून मान, डोळ्यांच्या जागी काचेचे मणी. मग पक्षी लाकडाच्या तुकड्यावर उभा करायचा. मास्तर हात मागे बांधून एकेकाच्या टेबलापाशी आले. डॉक्टरिणीचा लावा मान ताठ करून समोर बघत होता, पुढचा पेशंट पाठवा म्हणाल्यासारखा. बेकरीवाल्याचा भट्टीतून काढल्यासारखा टम्म फुगला होता. मास्तर वहिनीच्या पक्ष्यापाशी आले आणि थांबले.

"टाके सुंदर आहेत," ते म्हणाले. "पण हा बसलेला नाहीये, वहिनी. वजन बघा, सगळं पुढच्या बोटांवर. हा उठायच्या बेतात आहे. कोण हाक मारतंय याला?"

सगळे हसले. वहिनीही हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मास्तर म्हणाले, लाजू नका, पहिला पक्षी बनवणाऱ्यासारखाच बसतो. इतकी वर्षं बघतोय, एकाचाही चुकला नाही.

मग घरी न्यायच्या पक्ष्याचा विषय निघाला, तेव्हा मास्तरांनी आणखी एक सांगितलं. घरी पाळलेला पक्षी ते वर्गात घेत नसत. "रानातलं पाखरू कसं बसायचं ते कोणाला ठाऊक असतं? चुकलं तरी खपतं. पण घरच्याचा चेहरा मालकाला पाठ असतो. कितीही चांगला करा, तो म्हणणार, हा आमचा नाही. आणि मग रडणार. एकदा असं झालं, तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय."

वहिनी त्या दिवशी घरी जवळजवळ उड्या मारत गेली. "मास्तर नाही म्हणतात," तिने चपला काढता काढताच सांगितलं. "घरचा पक्षी चालत नाही. त्यांचा नियमच आहे."

"असं होय," चष्मेवाले म्हणाले, आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले.

तिला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांत नवरा कळला नाही म्हणायचा! पुढच्या रविवारी ती तळघरात उतरली तर मास्तरांच्या नाकावर चष्मा सरळ बसलेला. काडी नवी, काचा लखलखीत. वहिनीने तो बघितला आणि तिथेच काय ते समजली.

"तुमचे मिस्टर येऊन गेले," मास्तर जरा खाली बघत म्हणाले. "काडी तिथल्या तिथे बसवून दिली. किती हळू बोलतात हो! आईची शेवटची आठवण आहे म्हणाले. माणसाला नाही म्हणवेना. फार भला माणूस."

"हो," वहिनी म्हणाली. "सगळे तेच म्हणतात."

एक वाट होती. मास्तरांनीच सांगितलं होतं, गोठवलेला पक्षी एकदा विरघळून तसाच राहिला की कातडं सुटतं, पिसं मुठीत येतात, मग त्याचं काही करता येत नाही. नुसतं फ्रिजमधून काढून ठेवायचं, दुपारभर. काही करायचंसुद्धा नव्हतं. दिवे गेले होते म्हणून सांगता आलं असतं.

एका दुपारी तिने साहेबाला बाहेर काढलं. ओट्यावर ठेवला, कापड उलगडलं आणि समोर स्टूल घेऊन बसली. चोचीवरचं बर्फ वितळून थेंब गळायला लागले. ती बघत राहिली. तिला त्याचा राग होता, चांगला मुरलेला राग. पण त्याच चोचीतून तिचा आवाजही यायचा, आणि तो आताचा आवाज नव्हता. "आले, आले!" त्याने उचललं तेव्हा ती नवी नवरी होती. तेव्हा ती आनंदाने धावायची, कोणीतरी आपल्याला बोलावतंय याचंच अप्रूप होतं. तो आवाज तिच्या गळ्यातून कधीच गेला होता. साहेबाकडे तेवढा राहिला होता, अगदी कोरा. त्याची पिसं मुठीत आली असती तर त्यातली तिची किती असती? तिचा हात पुढे झाला, कापड गुंडाळलं, आणि साहेब परत मटारच्या पिशवीवर गेला. वहिनीला स्वतःचीच चीड आली. तिने रागारागाने अख्खा ओटा घासून काढला.

मग काय, केला तिने साहेब. आणि असा केला की मास्तरही बघत राहिले. पोपटाचं डोकं मानेपेक्षा मोठं असतं, कातडं त्यावरून ओढून निघत नाही, मानेमागे वेगळी चीर द्यावी लागते. ती तिने दिली आणि नंतर इतकी बारीक शिवली की पिसं बसवल्यावर मास्तरांनाही बोटाने चाचपून शोधावी लागली. फिकट पिवळे डोळे चष्मेवाल्यांनी स्वतः बसून रंगवून दिले होते. या वेळी पक्षी नीट बसला होता. वजन टाचेवर, खांदे सैल. कोणीही हाक मारली तरी तो उठणार नव्हता, आणि ते वहिनीने मुद्दाम, तारा पुन्हा पुन्हा वाकवून साधलं होतं.

शेवटी राहिली चोच. "ती आत्ताच ठरवा," मास्तरांनी बजावलं. "उघडी हवी तर आत कापसाचा बोळा ठेवायचा. मिटलेली हवी तर दोऱ्याने बांधायची. वाळेपर्यंत मऊ असतं सगळं. एकदा वाळलं की हात लावाल तर मोडेल."

कापूस टेबलावर होता. दोराही होता. वहिनीने दोरा ओवला नाही, नुसता घेतला, चोचीभोवती गुंडाळला आणि आवळून गाठ मारली. मग आणखी एक. काजं करताना मारतात तशी, कधी न सुटणारी.

मास्तरांनी पाहिलं. "मिस्टर उघडी म्हणत होते ना?"

"म्हणत होते."

मास्तरांनी तो नवा चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि बेकरीवाल्याच्या टेबलाकडे निघून गेले.

वाळून झाल्यावर साहेब घरी आला. चष्मेवाल्यांनी त्याला दोन्ही हातांत धरलं, उजेडात फिरवलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाले, "चोच मिटली कशी गं?"

"वाळताना मिटली," वहिनी म्हणाली. लग्नानंतर ती नवऱ्याशी पहिल्यांदा धडधडीत खोटं बोलली होती.

"असू दे," ते म्हणाले. त्यांनी साहेबाला पिंजऱ्यात दांडीवर बसवलं, दार लावलं, आणि सवयीने कडीही घातली.

वहिनी जिंकली होती. पहिले काही दिवस ती पिंजऱ्याकडे चोरून बघायची. मिटलेली चोच दिसायची आणि कानात काही यायचं नाही. खरंच यायचं नाही! ती मशीनवर बसायची आणि अख्खी पँट एका बैठकीत संपवायची. चहा गरम प्यायची. तिच्या चालण्यातसुद्धा फरक पडला, समोरची शेजारीण म्हणाली, तब्येत सुधारली हो तुमची, वहिनी.

चष्मेवाल्यांना मात्र करमेना. दुकानातून आले की ते आईच्या खुर्चीत बसायचे. आधी कधी बसत नसत. साहेबाकडे बघायचे, बोटाने पिंजऱ्याची तार वाजवायचे. एक-दोनदा घसा खाकरल्यासारखं केलं. वहिनीने लक्ष दिलं नाही. दुःख आहे माणसाला, बसू दे, असं ती मनाशी म्हणाली.

त्या संध्याकाळी ती आतल्या खोलीत एका कोटाची बाही उसवत होती. सुई दातात, मांडीवर कोट, बाहेर दिवे लागत होते. आणि पुढच्या खोलीतून आवाज आला.

"अगं, ए!"

"ए" वर चढला आणि मध्येच तुटला. सुई जमिनीवर पडली, कोट मांडीवरून घसरला, वहिनी दारात पोचलीसुद्धा, आणि तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं, "आले, आले!" तो तिचा आताचा आवाज नव्हता. तो स्वच्छ, हलका, धावून येणारा आवाज होता. तिने तो ओळखला. साहेबाच्या तोंडून तो तिने इतकी वर्षं ऐकला होता.

खुर्चीत नवरा होता. पिंजऱ्यात साहेब चोच मिटून बसला होता. चष्मेवाल्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की लग्नातसुद्धा तिने तो तसा पाहिला नव्हता.

"ऐकलंस?" ते हळूच म्हणाले. "अगदी तसंच झालं. आईचं मला जमलं, आणि तुझं तर काय..." चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "परत म्हण ना गं. एकदाच. मी हाक मारतो, तू म्हण."

वहिनी दारात उभी होती. बोटाला बाहीचा उसवलेला दोरा अजून गुंडाळलेला होता. नवरा वाट बघत होता, मऊपणाने, कुठलीही घाई न करता. त्याला वाट बघायला आयुष्य पडलं होतं, आणि तिलाही तेवढंच.

"अगं, ए!" तो म्हणाला.

वहिनीने ओठ मिटून घेतले. घट्ट, दात लागेपर्यंत. पाय मात्र स्वयंपाकघराकडे वळले होते, आणि थोड्या वेळाने तिने बघितलं तर गॅसवर चहाचं आधण उकळत होतं.